थ्री-नॉट-थ्रीच्या जुन्या शिकारी रायफलसाठी काडतुसे भरणे: पुंगळी लवकर का फुटते आणि ती कशी टिकवायची

थ्री-नॉट-थ्री म्हटले की आपल्याकडे पोलिसाच्या खांद्यावरची बंदूक आठवते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिकेत मात्र हीच ली-एनफील्ड दोन-तीन पिढ्या हरणाच्या शिकारीची रायफल म्हणून वापरली गेली. महायुद्धांनंतर लष्करातून निघालेल्या लाखो रायफली स्वस्तात विकल्या गेल्या. कुणी लाकूड कापून, नळी आखूड करून घरीच त्यांची शिकारी रायफल बनवली, तर बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलसारख्या कंपन्यांनी तेच काम नीटनेटके करून विकले. बीएसएच्या ली-स्पीडसारख्या काही रायफली तर मुळातच शिकारीसाठी घडवलेल्या होत्या. हे टिपण परवाना घेऊन रेंजवर अशी रायफल चालवणाऱ्या, तिची काडतुसे स्वतः भरू पाहणाऱ्या, म्हणजे झाडलेल्या काडतुसाची पितळी नळी (पुंगळी) पुन्हा वापरू पाहणाऱ्या परदेशस्थ वाचकांसाठी आहे.

भारतातल्या वाचकांनी हे फक्त वाचावे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे आणि त्यात ‘छंद म्हणून’ अशी सवलत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला, त्यामुळे शिकारीचा प्रश्नही उरत नाही.

आधी रायफल तपासा

बोल्ट उघडा, मॅगझिन काढा, चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या पोकळीत) डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालूनही पाहा. मग पुढचे काम.

पहिली खात्री ही करा, की रायफल खरोखर थ्री-नॉट-थ्रीच आहे. इशापूरच्या कारखान्याने १९६० च्या दशकात २ए आणि २ए१ या रायफली ७.६२ नाटो काडतुसासाठी बनवल्या. दिसायला त्या एसएमएलईच्या (पहिल्या महायुद्धातल्या आखूड ली-एनफील्डच्या) जुळ्या बहिणी, फक्त मॅगझिन जास्त चौकोनी. परदेशातल्या बाजारात त्या भरपूर फिरतात. शिक्का वाचल्याशिवाय काडतूस घालू नका.

बोल्टवरचा क्रमांक आणि बॉडीवरचा (बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्यावरचा) क्रमांक एकच आहे का, ते पाहा. वेगळा असेल तर हेडस्पेस (बंद बोल्टचा पुढचा भाग आणि काडतूस जिथे टेकते ती जागा यांतले अंतर) मोजल्याशिवाय गोळी झाडायची नाही. नळीतून उजेडाकडे पाहताना कुठे काळपट कडे दिसले आणि बाहेरून बोट फिरवल्यावर तिथे उंचवटा लागला, तर नळी फुगलेली आहे. ती रायफल भिंतीवर शोभते. नळीच्या तोंडाशी रायफलिंगच्या (नळीतल्या पिळदार खाचांच्या) कडा एका बाजूने झिजल्या असतील तर दोष बहुधा वर्षानुवर्षे तिरकी ओढलेल्या साफसफाईच्या दोरीचा. अशी रायफल धोकादायक नसते, फक्त नेम पसरतो.

एसएमएलईचा मागचा दस्ता ढिला वाटला तर लगेच मागून लांब पेचकस घालून तो आवळू नका. दस्त्याच्या बोल्टचे पुढचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत बसलेले असते. पुढचे लाकूड जागेवर असताना दस्त्याचा हा बोल्ट फिरवला की ते लाकूड आतून चिरते. म्हणून आधी पुढचे लाकूड काढायचे, मग दस्ता आवळायचा. जुन्या अक्रोडी लाकडात या जागी दिसणाऱ्या भेगांपैकी बऱ्याच याच घाईने पडलेल्या असतात. पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला धक्का झेलणारे दोन पृष्ठभाग असतात. ते बॉडीला घट्ट टेकलेले हवेत. तिथे फट असेल तर दोष काडतुसात नसूनही गोळ्या इकडेतिकडे जातील आणि लाकूडही फुटत जाईल.

सगळ्याचे मूळ: हेडस्पेस

थ्री-नॉट-थ्रीचे काडतूस रिमवर, म्हणजे बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर, टेकते. हेडस्पेस ठरावीक जाडीच्या गेजने मोजतात. अमेरिकन मानकाप्रमाणे ‘गो’ गेज ०.०६४ इंच, ‘नो-गो’ ०.०६७ आणि ‘फील्ड’ ०.०७०. ब्रिटिश लष्कर ०.०७४ पर्यंत चालवून घेत असे. बोल्ट ‘गो’वर बंद झाला पाहिजे आणि ‘फील्ड’वर होता कामा नये. नंबर ४ रायफलीत (एसएमएलईनंतरच्या ली-एनफील्डमध्ये) बोल्टचे डोके बदलून हेडस्पेस कमी करता येते. ही डोकी ० ते ३ अशा क्रमांकांची मिळतात. एसएमएलईच्या डोक्यांवर क्रमांक नसतात, त्यामुळे ते काम गनस्मिथकडे द्या.

पण गेज पास झाले म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण दुसरे टोक काडतुसाकडे आहे. रिमची जाडी जास्तीत जास्त ०.०६४ इंच असायला हवी, पण बाजारातल्या पुंगळ्यांची बऱ्याचदा याहून बरीच कमी भरते. समजा रिम ०.०५६ आणि हेडस्पेस ०.०६७. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, तरी मध्ये ०.०११ इंचाची फट राहते, म्हणजे पाव मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त.

आता गोळी झाडताना काय होते ते पाहा. फायरिंग पिनच्या ठोक्याने काडतूस पुढे सरकते. दाब चढताच पुंगळीच्या पातळ भिंती फुगून चेंबरला घट्ट चिकटतात. बूड मात्र मागे ढकलले जाते आणि फट ओलांडून बोल्टवर आदळते. पुढचा भाग जागचा हलत नाही आणि मागचा सरकतो, तेव्हा पितळ ताणले जाते ते भरीव बुडाच्या जरा वर, रिमपासून साधारण ८ ते १० मिलिमीटरवर. त्यातच लष्करी चेंबर मुद्दाम ऐसपैस कापलेले, चिखलातही काडतूस आत जावे म्हणून. शिवाय ली-एनफील्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे दाबाखाली बॉडी आणि बोल्ट दोन्ही किंचित ताणतात. दर वेळी पूर्ण साइझिंग करून (पुंगळी साच्यात दाबून पुन्हा मूळ मापावर आणून) पुंगळीचा खांदा मागे ढकललात की पुढच्या वेळी पितळ पुन्हा तितकेच ताणणार. पाचव्या-सहाव्या वेळेला, कधी त्याआधीही, पुंगळीचे दोन तुकडे होतात. बूड बाहेर येते आणि पुढचे नळकांडे चेंबरमध्येच राहते. म्हणून तुटलेली पुंगळी काढायचे हत्यार रेंजच्या पेटीत कायम ठेवा. ते नसेल तर त्या दिवसाची नेमबाजी तिथेच संपली.

नळीचे माप

कागदावर खाचांचा व्यास ०.३११ ते ०.३१२ इंच. प्रत्यक्षात ०.३१६ पर्यंतच्या नळ्या सापडतात, विशेषतः युद्धकाळातल्या. म्हणून मोजून घ्या. मऊ शुद्ध शिशाचा, नळीच्या तोंडापेक्षा किंचित जाड असा तुकडा घ्या. मासेमारीचे अंड्याच्या आकाराचे शिसे चालते. नळीला आतून तेलाचा पातळ हात द्या. लाकडी हातोडीने शिसे तोंडातून आत ठोका आणि जाड लाकडी किंवा पितळी दांड्याने एकसारख्या दाबाने मागून बाहेर काढा. मध्येच दांडा अचानक सैल पडला तर नळी तिथे रुंद आहे. हे हातालाच कळते आणि कुठल्याही मोजमापाइतकेच मोलाचे असते.

मोजताना मेख आहे. एनफील्डच्या बहुतेक नळ्यांना ५ खाचा असतात. खाचेच्या बरोबर समोर खाच येत नाही, त्यामुळे साध्या मायक्रोमीटरवर आकडा कमीच येतो. व्ही-आकाराचा मायक्रोमीटर नसेल तर ०.००१ इंच जाडीची शिम पट्टी शिशाभोवती एकच फेरा घट्ट गुंडाळा, त्यावरून मोजा आणि आलेल्या आकड्यातून ०.००२ वजा करा.

तांब्याच्या कवचाची गोळी ०.३११ किंवा ०.३१२ ची घ्या. .३०-०६ साठीची ०.३०८ ची गोळी इथे नळीत खडखडत जाते. शिशाच्या ओतीव गोळ्या वापरणार असाल तर त्या खाचांच्या मापापेक्षा ०.००१ ते ०.००२ इंच जाड हव्यात, नाहीतर गरम वायू बाजूने निसटून नळीला शिसे फासतो. झिजलेल्या नळीत सपाट बुडाची गोळी निमुळत्या बुडाच्या गोळीपेक्षा जवळजवळ नेहमीच चांगली चालते.

पुंगळ्या

पुंगळ्या बॉक्सर प्रायमरच्या घ्या (प्रायमर म्हणजे दारू पेटवणारी बुडातली टोपी), म्हणजे आत मधोमध एकच छिद्र. जुन्या लष्करी पुंगळ्या बर्डन प्रायमरच्या असतात. त्यांत दोन लहान छिद्रे असतात आणि घरच्या डायची (साइझिंगच्या साच्याची) पिन त्यात तुटते. परदेशातल्या बाजारात बुडावर ‘केएफ’ शिक्क्याची काडतुसे दिसली तर ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली. संग्रहासाठी छान, पुन्हा भरण्यासाठी नाहीत. ती झाडलीत तर नळी त्याच दिवशी पाण्याने धुवावी लागेल. ते पुढे येतेच.

नव्या पुंगळ्यांचा पहिला बार सर्वांत महत्त्वाचा, कारण पितळ सर्वांत जास्त तिथेच ताणले जाते. त्यावर उपाय अगदी स्वस्त आहे. पुंगळीवर रिमच्या लगेच पुढे पातळ रबरी ओ-रिंग चढवा. बोल्ट बंद करताना ती दबते आणि पुंगळीला मागे बोल्टवर दाबून धरते. फट नाही म्हणजे बुडाचा ताण नाही. फुगायचे ते खांद्याच्या बाजूने फुगते आणि पुंगळी तुमच्या चेंबरच्या आकाराची होऊन बाहेर येते. हा बार काडतुसे भरण्याच्या मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापाचाच असू द्या. बाहेर आलेल्या पुंगळीचा खांदा पुढे सरकलेला, आकार जरा वेगळा दिसेल. घाबरू नका, चेंबरच तसा कापलेला आहे.

यानंतर पूर्ण साइझिंग बंद. फक्त मान आवळणारा डाय वापरा, किंवा पूर्ण साइझिंगचा डाय इतका वर चढवून लावा की खांद्याला तो जेमतेम शिवेल. आता पुंगळी रिमऐवजी खांद्यावर टेकते आणि रिमची फट गौण ठरते. मात्र या पुंगळ्या त्याच रायफलीच्या. दोन एनफील्ड असतील तर डबे वेगळे ठेवा आणि त्यांवर रायफलीचा क्रमांक लिहा. काही बारांनंतर बोल्ट बंद करायला जड जाऊ लागला की एकदा खांदा किंचित मागे घ्यायचा, त्याहून जास्त नाही.

दर वेळी भरण्यापूर्वी आतून तपासणी करा. कागदाची क्लिप सरळ करून टोकाला २ मिलिमीटरचा काटकोन वाकवा, टोक घासून टोकदार करा. पुंगळीत घालून बुडापासून वर भिंतीवरून ओढत आणा. रिमच्या वर साधारण सेंटीमीटरभर अंतरावर टोक खड्ड्यात अडकल्यासारखे वाटले तर भिंत आतून पातळ झाली आहे. बाहेरून त्याच जागी चकचकीत कडे दिसते, पण ते उशिरा. शंका आली की पक्कडीने तोंड चेपा आणि भंगारात टाका. चेपायचे यासाठी, की ती चुकून पुन्हा डब्यात जाऊ नये.

लांबीची कमाल २.२२२ इंच, म्हणजे ५६.४४ मिलिमीटर. त्यापुढे गेली की २.२१२ वर कापा आणि कडा आतून-बाहेरून साफ करा. लांब राहिलेली मान चेंबरच्या टोकाला अडकून गोळीला चिमटते आणि दाब अचानक चढतो. चार-पाच बारांनंतर मानेचे पितळ कडक होते, त्याला ज्योतीवर काही सेकंद तापवून मऊ करतात. तापवायची फक्त मान आणि खांदा. बूड कधीही तापवू नका, मऊ बूड म्हणजे हातात फुटणारी रायफल. साइझिंगचे वंगणही बेताने लावा. जास्त झाले की खांद्यावर खळगे पडतात.

भरणे

दारूचे माप इथे दिलेले नाही, आणि कुणी इंटरनेटवर दिले तर तेही घेऊ नका. दारू बनवणारी किंवा गोळी बनवणारी कंपनी आपले तपासलेले आकडे छापते. त्याच दारूसाठी, त्याच वजनाच्या गोळीसाठी तेच वापरायचे. कमाल दाबाचा फरक लक्षात घ्या. अमेरिकन मानकात थ्री-नॉट-थ्रीला ४९,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), तर .३०-०६ ला ६०,०००. दोन्ही ‘तीस कॅलिबर’ म्हणून एकाचे माप दुसऱ्याला लावणे इथे थेट महागात पडते.

टेबलावर दारूचा एकच डबा ठेवा. दुसरा उघडायचा झाला तर पहिला कपाटात जाऊ द्या. उरलेली दारू मापकात ठेवू नका, लगेच मूळ डब्यात परत ओता. काटा शून्यावर आणा आणि ठरलेल्या वजनाने तपासा. १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, तेव्हा स्वयंपाकघरातला काटा इथे कुचकामी. सुरुवात मॅन्युअलमधल्या किमान मापाने करा आणि ०.३ ते ०.५ ग्रेनच्या पायऱ्यांनी वर जा. किमान मापाच्या खालीही जाऊ नका. सावकाश जळणारी दारू फार कमी भरली तर ती धड पेटत नाही आणि दाब लहरी होतो.

प्रायमर लार्ज रायफलचा. तो बुडाच्या पातळीपेक्षा बोटाला जाणवेल इतका खाली बसला पाहिजे. वर राहिला तर फायरिंग पिनचा ठोका अर्धा प्रायमर बसवण्यातच जातो आणि काडतूस फुसके निघते. तेलकट हाताने प्रायमर धरू नका.

सगळ्या पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून दारू भरली, की गोळी बसवण्यापूर्वी टॉर्च लावून एकेका पुंगळीत पाहा. पातळी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. दुप्पट भरलेली आणि रिकामी राहिलेली, दोन्ही इथेच पकडल्या जातात, पुढे कुठेही नाही. या तपासणीच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत असलेला बरा.

काडतुसाची एकूण लांबी ३.०७५ इंचांपेक्षा जास्त नको, नाहीतर मॅगझिनमध्ये अडकेल. जुन्या एनफील्डचा घसा (चेंबरपुढचा नळीचा भाग) इतका झिजलेला असतो, की गोळी रायफलिंगला टेकवण्याचा नाद सोडलेला बरा. गोळीवर खाच असेल तर तिथवर बसवा आणि हलका क्रिंप द्या, म्हणजे पुंगळीचे तोंड गोळीवर किंचित आवळा.

रेंजवर

चेंबर आणि काडतूस कोरडे ठणठणीत हवे. तेलाचा पातळ थर असला तरी पुंगळी चेंबरला चिकटत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. मागे अडकणाऱ्या बोल्टला तो सोसत नाही.

मॅगझिन भरताना प्रत्येक काडतुसाची रिम खालच्याच्या रिमपुढे आली पाहिजे. मागे राहिली तर दोन रिमा एकमेकींत अडकतात आणि बोल्ट काडतूस पुढे ढकलतच नाही. घाईत हे हमखास होते.

प्रायमर चपटा झाला, बोल्ट जड उघडला अशी दाबाची नेहमीची चिन्हे या रायफलीत उशिरा दिसतात. तोवर दाब मर्यादेच्या वर गेलेला असतो. म्हणून वेगमापक वापरा. १९१० च्या ब्रिटिश लष्करी मार्क ७ काडतुसाचे माप १७४ ग्रेनची गोळी, सेकंदाला सुमारे २,४४० फूट. मॅन्युअलच्या मर्यादेत राहून हा वेग किंवा त्याहून थोडा कमी मिळाला की थांबा. जुन्या रायफलीची उघडी साइट याच काडतुसासाठी आखलेली असते, वेग वाढवून नेम सुधारत नाही. उलट बऱ्याच एनफील्ड मधल्या मापावरच सर्वांत घट्ट गट देतात.

आवाज नेहमीपेक्षा दबका आला किंवा धक्का जाणवला नाही, तर दुसरी गोळी झाडू नका. पहिली नळीतच अडकलेली असू शकते. बोल्ट काढून नळीतून आरपार पाहा. घोडा पडला पण बार उडाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान एक मिनिट थांबा. जुन्या लष्करी साठ्यातल्या काडतुसांत उशिरा पेटणारे प्रायमर सर्रास असतात. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण, हे सांगायचीही गरज नसावी.

साफसफाई

आजचे बाजारातले प्रायमर गंजवत नाहीत, तिथे नेहमीचा सॉल्व्हंट आणि तेल पुरे. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमधून मात्र पोटॅशियम क्लोराइड हे मीठ नळीत राहते, ते हवेतली ओल शोषते आणि एका रात्रीत गंज धरतो. हे मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून चेंबरच्या बाजूने नरसाळ्यातून उकळते पाणी ओता. अर्धा-एक लिटर पुरते. बोल्टचे डोकेही त्यात धुवा. नळी गरम असल्यामुळे लगेच सुकते, मग कोरडा बोळा आणि शेवटी तेल. दांडा किंवा दोरी नेहमी चेंबरकडून घाला आणि तोंडाशी बाहेर काढताना सरळ रेषेत ओढा.

प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी ठेवा: रायफल, पुंगळी कुठल्या कंपनीची, कितवा बार, शेवटची लांबी, मान कधी मऊ केली. एका डब्यातल्या पुंगळ्या सतत एकत्रच भरल्या जातात, त्यामुळे त्या थकतातही जवळपास एकत्रच. एकीला कडे दिसले तर बाकीच्या सगळ्या त्याच दिवशी क्लिपने तपासा.

आणि भारतात येण्यापूर्वी रेंजला नेता ती बॅग प्रवासाला वापरू नका. शिवणीत अडकलेले एक काडतूस विमानतळाच्या एक्स-रेमध्ये दिसले, की शस्त्र कायद्याखाली चौकशी सुरू होते. रिकामी पुंगळी निघाली तरी खुलासे करत बसावे लागते. जॅकेटचे खिसेही उलटे करून पाहा.